पडेगावच्या हौदातील समुद्र

ज्या शहरात नळाला पाणी आठवड्यातून एखाद्या वेळी येते, त्या शहरात समुद्रातील बांधकामे करणाऱ्या अभियंत्यांच्या संस्थेची शाखा चालावी, हे मला प्रथम कळले तेव्हा मी हसलो नाही. हसण्याचा माझा स्वभाव नाही असे नव्हे. परंतु ती शाखा आमच्या सूनबाईने काढलेली होती, आणि घरातील माणसाने एखाद्या कार्याला हात घातला की त्या कार्याला आधी नमस्कार करावा व शंका मागाहून विचारावी, अशा वळणात मी वाढलो.

माझा आणि समुद्राचा संबंध शब्दांपुरता होता. आमच्या घरातील वडीलधारी मंडळी काळाची मोजणी पोलीस ॲक्शनच्या आधीचा आणि नंतरचा अशी करीत. माझा जन्म नंतरचा. पाठशाळेत असताना समुद्राची सगळी संस्कृत नावे मी एका दमात म्हणून दाखवीत असे, आणि पुढे शाळेत शिक्षक झाल्यावर तीच नावे मुलांकडून घोकून घेत असे. प्रत्यक्ष समुद्र मात्र एकदाच पाहिला, रामेश्वरच्या यात्रेत. पर्वकाळ असल्यामुळे स्नानही घडले. एरवी समुद्राला नमस्कार करावा, उगाच स्पर्श करू नये, असे आम्हाला शिकवलेले. आमच्या पुंडलिकनगरातून स्पर्श करायचा म्हटले तरी हात पोहोचणार नव्हता, म्हणून तो नियम पाळणे मला कधी जड गेले नाही.

सूनबाई कोकणातील एका बंदराच्या गावची. तिच्या माहेरच्या पडवीत बसले की लाटा ऐकू येतात. धक्के कसे बांधावेत, किनारा का ढासळतो, समुद्राच्या तळाशी नळ कसे टाकावेत, हे तिचे शिक्षण. लग्न होऊन ती आमच्याकडे आली आणि येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात काँक्रीट आणि सर्वेक्षण शिकवू लागली. तिने कधी तक्रार केली नाही. फक्त संस्थेची शाखा काढली, आणि महिन्यातून एका रविवारी काही विद्यार्थी व दोनचार प्राध्यापक जमवून समुद्राविषयी बोलू लागली.

एका उन्हाळ्यात संस्थेच्या विभागीय प्रमुखांचा फोन आला. ते आयुष्यभर बंदरांवर काम केलेले, निवृत्त, मुंबईला राहणारे गृहस्थ. त्यांचे म्हणणे सरळ होते. समुद्र नसलेल्या गावात शाखा कशाला, असा प्रश्न वरच्या समितीने विचारला आहे. वर्षभराने, चैत्रात, ते स्वतः येतील. शाखेने बनवलेले एखादे यंत्र समुद्राच्या पाण्यात चालताना दिसले तर ठीक. नाहीतर शाखा मुंबईत विलीन होईल. कोणत्या समुद्रात यंत्र सोडणार ते आधी कळवा, असेही ते थोडे मिश्कीलपणे म्हणाले. समुद्र आम्ही आणून ठेवू, असे सूनबाईने त्यांना सांगितले.

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ भेंडी चिरीत बसली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, “बाबा, ही शाखा गेली ना, तर मी नुसती सिमेंट शिकवणारी बाई उरेन.”

मी विचारले, माझ्यासारख्या म्हाताऱ्याने यात काय करावे?

“तुम्ही या आणि बसा. खुर्च्या तरी भरल्यासारख्या दिसतील.”

अशा रीतीने मी त्या संस्थेचा स्वयंसेवक झालो. निळ्या लाटेचे चित्र असलेला एक बिल्ला मला मिळाला. तो सदऱ्याला लावून मी पहिल्यांदा बाहेर पडलो तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी फाटकावरूनच विचारले की गुरुजी, महापालिकेने तुम्हाला पाणी सोडायला ठेवले की काय.

बैठकांचा क्रम मला लवकरच समजला. सूनबाई पडद्यावर एखाद्या वादळाचे, एखाद्या भरतीचे चित्र दाखवायची. मुले लिहून घ्यायची. आणि मध्येच कोणाचा तरी फोन वाजायचा. पलीकडून कोणी एवढेच म्हणे, “पाणी आलं.” मग खुर्च्या सरकायच्या. त्या गल्लीतील सगळे उठून जायचे, कारण ड्रम, बादल्या, पिंप भरले नाहीत तर पुढचा आठवडा कोरडा. एकदा हिंदी महासागरातील प्रवाहांवर व्याख्यान चालू असता निम्मे सभागृह असे नळाच्या दिशेने वाहून गेले. सूनबाई थांबली, हसली, आणि उरलेल्यांना म्हणाली की आपण पुढे जाऊ. उरलेल्यांत मी होतो, कारण आमच्या घरी नळाशी बसण्याचे काम आमच्या सौ.कडे होते, आणि त्याबद्दल ती मला संध्याकाळी सुनावीत असे: समुद्राच्या सभेला जाताय, येताना दोन हंडे आणा.

मलाही एकदा बोलावयास लावले. मी त्यांना सांगितले की रोज सकाळी संकल्प करताना आम्ही गोदावरीच्या उत्तर तीरावर बसलो आहोत असे म्हणतो. आमच्या शहरातून खाम वाहते, ती गोदावरीला मिळते, गोदावरी पूर्वसमुद्राला. तेव्हा समुद्र आपल्यापासून दूर असेल, तुटलेला नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि श्रावणात नारळी पौर्णिमा आली तेव्हा याच आधारावर आम्ही पैठणला जाऊन गोदावरीत नारळ सोडला. सूनबाई पात्राकडे पाहत उभी होती. आमच्या गावी कोळी लोक सोन्याचा नारळ वाहतात, असे ती म्हणाली, आणि घरी येऊन तिने नारळीभात केला. तो फार उत्तम झाला होता.

यंत्राचे काम दिवाळीनंतर सुरू झाले. पाण्याच्या पाइपांचा एक चौकोनी सांगाडा, त्याला छोट्या मोटारी, पुढे एक कॅमेरा, आणि काठावर बसून चालवण्यासाठी लांब वायर. ते पाण्यात सोडले की तळाला जाऊ नये आणि वरही तरंगू नये, मध्येच स्थिर राहावे, यात सगळे कौशल्य होते. त्यासाठी शिशाची छोटी वजने लावावी लागत. ती सूनबाईने माहेराहून मागवली. कोळी जाळ्याला लावतात तीच.

हौदाचा प्रश्न माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने सोडवला. पडेगावच्या पुढे, दौलताबादच्या रस्त्याला त्याची मोसंबीची बाग आहे, आणि बागेत सिमेंटचा मोठा हौद आहे. मी शब्द टाकताच तो म्हणाला, “गुरुजी, तुमचं संस्कृत काय आपल्या डोक्यात बसलं नाय. हौद घ्या पर. निदान तेवढं तरी पास होऊ.” त्याची एकच तक्रार होती. हौदातले पाणी लई लवकर उतरते. ऊनच पिऊन टाकते म्हणा. आम्ही ते ऐकून सोडून दिले.

समुद्र आणण्याचे काम फाल्गुनात झाले. हौद टँकरच्या पाण्याने भरला आणि मोंढ्यातून एक टेम्पो जाडे मीठ आणले. मीठ घेण्यास मी गेलो होतो. दुकानदाराने अदबीने विचारले की गुरुजी, कोणाच्या घरचे एवढे लोणचे. मी म्हणालो, समुद्र करायचा आहे. त्याने पुढे काही विचारले नाही, फक्त पोती चढवताना हमालाला हळू बोलायला सांगितले.

मुलांनी मीठ हौदात ओतले, बांबूंनी ढवळले. पाणी गढूळ, पांढुरके झाले. एका मुलीने मला विचारले की गुरुजी, आता हा समुद्र झाला, मग पर्वकाळ नसताना तुम्ही याला हात लावणार का? मी विचार करून उत्तर दिले की ज्याला नद्या जाऊन मिळतात तो समुद्र; नुसत्या मिठाने समुद्र होत नाही. त्यावर ती म्हणाली, “हे पाहुण्यांना सांगू नका हां, गुरुजी. आम्ही मिठावरच आहोत.” मी कबूल केले, आणि बाह्या सरसावून ढवळण्यास लागलो.

त्या दिवशी आणि नंतरही यंत्राची चाचणी उत्तम झाली. एक एक शिसे लावीत, काढीत, त्यांनी ते असे जुळवले की यंत्र पाण्याच्या मधोमध थांबे, जणू कोणी अदृश्य हातावर धरले आहे. सूनबाईच्या चेहऱ्यावर मी पुष्कळ दिवसांनी तो निश्चिंतपणा पाहिला. माझा विद्यार्थी या साऱ्या दिवसांत गावी नव्हता. मुलीच्या सासरी कार्य होते म्हणून तिकडे राहिला होता. बागेवर त्याचा सालदार होता, आणि सालदाराने आम्हाला कोणताही प्रश्न विचारला नाही.

पाहुणे चैत्रात, सांगितल्याप्रमाणे आले. उंच, उन्हाने रापलेली मान, पांढऱ्या मिशा, हातात टोपी. कडुनिंबाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. माझा विद्यार्थी आदल्या दिवशीच गावाहून परतला होता, आणि नवे धोतर नेसून मोसंबीच्या रसाचे पेले फिरवीत होता. पाहुण्यांनी माझा बिल्ला पाहिला आणि विचारले, “गुरुजी, आपण या संस्थेत काय करता?”

“बसतो,” मी म्हणालो. “खुर्च्या भरतो.”

“आमच्याकडे मोठ्या पदांवरचे लोकही तेच करतात,” ते म्हणाले, आणि मला ते आवडू लागले.

कार्यक्रमाच्या आरंभी मी वरुणपूजन केले. आचमनाचे पाणी माझ्याच पंचपात्रीतले होते. हळद, कुंकू, अक्षता, फुले मी हौदात सोडली. पाणी फार सुंदर दिसत होते, तळाचे सिमेंट दिसावे इतके नितळ. मी मनात म्हणालो, एवढ्या दिवसांत गाळ खाली बसला. देवाने पाहुण्यांसमोर लाज राखली.

मुलांनी यंत्र पाण्यात सोडले. ते खाली गेले. आम्ही ते थांबण्याची वाट पाहिली. ते थांबले नाही; सावकाश, अगदी शांतपणे ते तळाला जाऊन टेकले. काठावर बसून यंत्र चालवणाऱ्या मुलीने मोटारी जोरात फिरवल्या तेव्हा एक बाजू थोडी उचलली गेली आणि पुन्हा बसली. कोणी वायर तपासू लागले, कोणी म्हणाले पाइपात पाणी शिरले असेल. पाहुण्यांनी पेला खाली ठेवला आणि टोपी डोक्यावर चढवली. निघण्याची तयारी असेल असे मला वाटले, आणि सूनबाईलाही वाटले असावे, कारण ती त्यांच्याकडे न बघता हौदाच्या काठावर गुडघे टेकून बसली. तिने पाण्यात बोट बुडवून जिभेला लावले. मग पुन्हा एकदा लावले.

“बाबा,” ती म्हणाली, “हे पाणी गोड आहे.”

उत्तर माझ्या विद्यार्थ्याने दिले, आणि अभिमानाने दिले. “व्हय ताई. माझ्या हिरीचं हाय. काल येऊन बघतो तं काय, हौदात खारं पाणी. इतकं खारं की तोंडात धरवंना. म्हणलं टँकरवाल्यानं गुरुजींला फशिवलं, कुठल्या तरी बोअरचं आणून वतलं. सगळं उपसलं, हौद घासला, आन् सकाळपातूर हिरीवरनं भरून घेतला. गुरुजींला कशाला सांगायचं, उगं घोर.”

मला आठवले की येताना बागेतील झाडांची पाने थोडी मलूल दिसली होती. सूनबाईनेही ते पाहिले असावे. तिचा आवाज अगदी खाली आला होता. “दादा, मोसंबीची पाळी चुकवून हे पाणी आम्हाला दिलंत?”

“एका पाळीनं काय मरत नाय बाग,” तो म्हणाला. मग पाहुण्यांकडे हात करून त्याने तिलाच समजावले, “समुद्रावरून येणार माणूस. त्याला खाऱ्या पाण्याचं काय नवल हाय?”

पाहुणे इतके हसले की त्यांना टोपी काढून डोळे पुसावे लागले. हसण्याने शाखा वाचत नाही, हे मात्र आम्हाला समजत होते. त्यांनाही ते समजत असावे. खुर्ची काठाजवळ ओढून घेऊन ते सूनबाईला म्हणाले, “बरं. यांनी तुमचा समुद्र नेला. आता काय कराल?”

सूनबाईने पदर खोचला आणि वायर धरून यंत्र वर ओढले. वजने सोडताना ती समजावून सांगू लागली, परंतु पाहुण्यांना नव्हे, माझ्या विद्यार्थ्याला. पाण्यात मीठ असले की ते जड होते, आणि जड पाणी यंत्राला अधिक उचलून धरते. आम्ही यंत्राचे वजन त्या पाण्याशी जुळवले होते. तुमचे पाणी त्याहून हलके आहे, म्हणून ते बुडाले.

“माझं पाणी हलकं म्हणू नका ताई,” तो म्हणाला, “पाव्हण्यासमोर.”

सुटलेले प्रत्येक शिसे ती पाहुण्यांच्या तळहातावर ठेवीत होती, कारण दुसरे कोणी रिकामे नव्हते. त्यांनी एक उचलून बघितले. “ही जाळ्याची आहेत. कुठून आणली?”

“माझ्या माहेरची.”

त्यांनी मान हलवली आणि मूठ मिटून घेतली.

यंत्र पुन्हा पाण्यात गेले. थोडे वर आले. एक शिसे परत लावले. आणि मग ते थांबले, पाण्याच्या मधोमध. मुलीने ते हळूहळू भिंतीच्या कडेने फिरवावयास घेतले. कॅमेऱ्यातील चित्र लॅपटॉपवर दिसत होते आणि आम्ही सगळे त्याभोवती वाकलो होतो. माझ्या पूजेतील कुंकू तळाशी जाऊन बसले होते. पण एका कोपऱ्यात ते बसलेले नव्हते. तिथे त्याची बारीक लाल रेघ भिंतीकडे सरकत होती आणि भिंत व तळ जिथे मिळतात तिथे नाहीशी होत होती. मुलीने यंत्र जवळ नेले. केसाएवढी भेग होती.

“थांब,” सूनबाई म्हणाली. “तिथंच थांबव.”

माझा विद्यार्थी पडद्याला नाक लावून बघत राहिला. “आन् मी बापडा इतकी वर्सं उन्हाला शिव्या देतोय.”

पाहुणे माझ्याकडे वळले. गळती शोधताना आम्हीही पाण्यात रंग सोडतो, असे त्यांनी मला सांगितले, फक्त आम्ही त्याला आधी नमस्कार करीत नाही. मी म्हणालो की पुढील वेळी करून पाहावा; खर्च काही नाही.

जाण्यापूर्वी ते सूनबाईजवळ थांबले. शिशाची वजने त्यांच्या हातातच होती. ती त्यांनी तिला परत दिली. “शाखा राहील,” ते म्हणाले. “समितीला काय सांगायचं ते मी बघतो. पण पुढच्या वर्षी मला खारं पाणी दाखवू नका. ते मी घरी खिडकीतून बघतो. तुमच्याकडे हौद आहेत, विहिरी आहेत, पैठणला एवढं मोठं धरण आहे. त्यांच्या तळाशी काय चाललंय ते बघायला कोण उतरतं?”

सूनबाईने हो म्हटले. मग तिने वाकून त्यांना नमस्कार केला, आणि वळून माझ्या विद्यार्थ्यालाही केला. तो इतका गोंधळला की त्याने उलट तिलाच केला.

घरी परतताना ती गाडीत पुष्कळ बोलत होती. धरणाच्या भिंतीजवळचा गाळ, कालव्यांची तोंडे, आणखी कायकाय. सगळे मला समजले असे म्हणणार नाही. ती वजने तिने मांडीवर ओंजळीत धरली होती आणि बोलता बोलता ती वाजवीत होती.

आमच्या समुद्राचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. खारे पाणी रानात गेले तर बाग जळेल, हे जाणून माझ्या विद्यार्थ्याने ते टँकरने नेऊन जवळच्या ओसाड दगडखाणीत ओतले होते. वैशाखात ते आटले आणि दगडांवर मिठाचा पांढरा थर आला. मग त्या भागातील धनगरांची मेंढरे खाणीपाशी अडू लागली. दगड चाटल्याशिवाय पुढे पाऊल टाकीनात. ते लोक माझ्या विद्यार्थ्याला विचारायला आले की हे पुन्हा कधी ओतणार. त्याने त्यांना माझा पत्ता दिला. गुरुजी समुद्राच्या खात्यात आहेत, असे त्याने त्यांना सांगितल्याचे मागाहून कळले.

नव्या वर्षाची पहिली बैठक ज्येष्ठात झाली. विषय होता धरणाच्या तळाचा. सूनबाईने पडद्यावर पहिले चित्र लावले, दोन वाक्ये बोलली, आणि मागच्या रांगेत एक फोन वाजला. पाणी आले होते. खुर्च्या सरकल्या, चपला शोधल्या गेल्या, आणि बघता बघता सभागृह अर्धे रिकामे झाले. दारातून जाणाऱ्या एका प्राध्यापकांनी मला खुणेने विचारले, तुम्ही येत नाही का, तुमच्याही गल्लीत आलेय. मी हाताने नाही म्हटले. सौ. सुनावणार हे ठाऊक होते. मी उठून पुढच्या रांगेत, अगदी मधल्या खुर्चीवर जाऊन बसलो, आणि सूनबाईने पुढील चित्र लावले.